वारा कुणाचा, पाणी कुणाचं

१९०० साल. इराणच्या ऐन मध्यावर, वाळवंटात वसलेल्या यझ्द शहरातल्या एका बड्या जरथोस्ती व्यापाऱ्याने तिथल्या सुभेदाराला आणि मुख्य धर्मशास्त्र्याला भरघोस नजराणा पोचता केला. त्याला ठेका नको होता, करमाफी नको होती, कुठला खटलाही मिटवायचा नव्हता. आपल्या घरावर एक बादगीर बांधायची परवानगी तेवढी हवी होती. नेपियर माल्कम हा इंग्रज मिशनरी त्या वेळी यझ्दमध्ये राहत होता. १९०५ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात ही नोंद आहे.

बादगीर म्हणजे छपरावरून उंच उठलेला विटामातीचा मनोरा. त्याच्या माथ्याला उभ्या खाचा असतात. त्या खाचांतून वारा पकडायचा आणि खालच्या दालनात उतरवायचा, एवढंच त्याचं काम. यझ्दमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. वर्षभराचा पाऊस सारा मिळून ५०-६० मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैतल्या एका दुपारचा. अशा गावात बादगीर हा घराचा दागिना म्हणून बांधत नसत. तो नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी घरात जीव घुसमटे. आणि हा वारा घरात घ्यायला शहरातल्या काही माणसांना लाच द्यावी लागत होती.

यझ्दचं जुनं शहर २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्याआधी २०११ मध्ये इथली दौलताबाद बाग इतर पर्शियन बागांसोबत आणि २०१६ मध्ये इथला झार्चचा भुयारी कालवा देशातल्या आणखी दहा कालव्यांसोबत त्याच यादीत आला होता. प्रवासी येतात, मनोऱ्यांची रांग आणि मशिदीवरच्या निळ्या फरशा बघतात, फोटो काढतात, पुढे शिराझला निघतात. पण यझ्दची कुठलीच इमारत स्वतःच्या जिवावर उभी राहिलेली नाही. तिला कुठून तरी पाणी यायचं, कुठला तरी वारा मिळायचा, शेजारच्या भिंतीची सावली पडायची. हे सगळं कुणाला मिळावं आणि कुणाला नाही, हेही कुणी तरी ठरवलेलं असायचं. तो धागा हातात धरल्याशिवाय या शहरातली वास्तुकला कळत नाही.

मातीचं अंग

यझ्दच्या एका बाजूला दश्त-ए-कवीर, दुसऱ्या बाजूला दश्त-ए-लूत, अशी इराणची दोन मोठी वाळवंटं. इमारती लाकूड दुर्मीळ, त्यामुळे सपाट छताला लागणाऱ्या लांब तुळया मिळायच्या नाहीत. माती मात्र हवी तेवढी. म्हणून इथल्या गवंड्यांनी कच्च्या विटांच्या कमानी आणि घुमट यांच्यावरच सगळी भिस्त ठेवली. भिंती जाडजूड. दिवसाचं ऊन त्यांच्यात मुरून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेर गारवा सुटलेला असतो.

भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं, की लांबून एकरंगी वाटणाऱ्या मातीत सोनेरी चमक दिसते. ती गवताच्या काडीची. चिखलात बारीक भुसा तुडवून केलेल्या या गिलाव्याला काहगिल म्हणतात. वाळताना माती आकसते, तिला तडे जाऊ नयेत म्हणून काडी तिला धरून ठेवते. हा गिलावा पावसावाऱ्याने झिजतो, पुन्हा पुन्हा थापावा लागतो. म्हणजे या शहराची डागडुजी कधी संपतच नाही. ज्या घराला दर काही वर्षांनी हात लागत नाही, ते हळूहळू ढासळत पुन्हा मातीला मिळतं.

गल्ल्या अरुंद आणि वाकड्या. मधूनमधून दोन्ही बाजूंच्या भिंतींना जोडणारं कमानींचं छत लागतं, ते साबात. त्याच्याखाली भर दुपारी दोन मिनिटं टेकता येतं, शिवाय समोरासमोरच्या उंच मातीच्या भिंती एकमेकींना आधार देतात. रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. दारावर पुष्कळदा दोन कड्या, एक जड, एक हलकी. पुरुष पाहुण्याने जड वाजवायची, बाईने हलकी, म्हणजे दार उघडायला कुणी जायचं ते आतल्यांना आवाजावरून कळे. दार उघडलं तरी घर दिसत नाही. आधी हश्ती नावाचं आठकोनी देवडीवजा दालन, मग एक वळण, आणि मग एकदम अंगण, हौद, डाळिंबाची झाडं.

या अंगणाच्या दक्षिणेला उंच, उघडं दालन असतं. त्याचं तोंड उत्तरेला, त्यामुळे तिथे सतत सावली. हा उन्हाळ्याचा भाग. बादगीर बहुधा त्याच्याच डोक्यावर. समोरच्या, उत्तरेकडच्या खोल्यांत हिवाळ्याचं तिरपं ऊन आतपर्यंत येतं. ऋतू बदलला की कुटुंब घरातल्या घरातच बिऱ्हाड हलवी. काही घरांत मुख्य अंगणाखाली आणखी एक अंगण खणलेलं असे. जमिनीतला गारवा मिळावा आणि खालून वाहणारं पाणी हाताशी यावं, हा त्यामागचा हिशेब.

मोहम्मद करीम पिरनिया हे इराणी वास्तुकलेचे मोठे अभ्यासक, जन्माने यझ्दचेच. इराणी वास्तुकलेची पाच सूत्रं त्यांनी सांगितली: माणसाचं माप, फापटपसाऱ्याला फाटा, बांधणीचं गणित, जवळच्याच सामग्रीवर भागवणं आणि आत वळलेलं घर. यझ्दचं कुठलंही जुनं घर घ्या, पाचही तिथे दाखवता येतात. शहरातलं रसूलियान घराण्याचं घर आता यझ्द विद्यापीठाच्या कला आणि वास्तुकला शाखेकडे आहे. विद्यार्थी ज्या घराबद्दल शिकतात, त्याच घरात बसून शिकतात.

वाऱ्याची वाट

दौलताबाद बाग अठराव्या शतकाच्या मध्यावर मोहम्मद तकी खान या यझ्दच्या सुभेदाराने उठवली. तिथल्या महालावरचा आठकोनी बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. गेल्या शतकात तो कोसळला होता, १९६०च्या दशकात पुन्हा बांधला गेला. महालात शिरून त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर पाहिलं, की मनोरा आतून पोकळ नसल्याचं दिसतं. विटांच्या पातळ आडभिंतींनी त्याच्या उभ्या नळ्या पाडल्या आहेत. ज्या बाजूने वारा येतो त्या नळ्यांतून तो खाली कोसळतो, विरुद्ध बाजूच्या नळ्या आतली उबदार हवा बाहेर ओढून घेतात. उंचावर वारा जोरात असतो आणि त्यात धूळ कमी असते, म्हणून ही उंची. खाली संगमरवरी हौद आहे. वारा त्याच्या पाण्यावरून सरकतो आणि मगच महालात पसरतो. वारा पडला तरी काम अगदी बंद पडत नाही. उन्हाने तापलेला मनोरा आतली गरम हवा वर खेचत राहतो.

बादगिराच्या अंगातून लाकडी वासे बाहेर आलेले दिसतात. ते आत उंच बांधकामाला बांधून धरतात आणि बाहेर डागडुजीला चढणाऱ्याला पायाखाली मिळतात. यझ्दमध्ये वारा चहूबाजूंनी येतो म्हणून मनोऱ्याला सगळीकडे तोंडं. जवळच्याच अर्दकानमध्ये चांगला वारा एकाच दिशेचा, तिथले बादगीर एकाच बाजूला तोंड करून बसलेले. गावागणिक वारा वेगळा आणि वाऱ्यागणिक मनोरा वेगळा.

पायाखालची नदी

एवढं सगळं उभं राहायला आधी पाणी हवं. यझ्दच्या नैर्ऋत्येला शीरकूहचा सुमारे ४,००० मीटर उंचीचा डोंगर आहे, हिवाळ्यात त्याच्यावर बर्फ पडतं. ते वितळून पायथ्याच्या गाळात मुरतं. तिथून ते शहरापर्यंत उघड्यावरून आणलं तर वाटेतच वाळून जाईल. म्हणून ते जमिनीच्या पोटातून आणलं. डोंगराच्या पायथ्याला पाणी लागेपर्यंत खोल विहीर, तिला ते मातृविहीर म्हणतात. तिथून गावापर्यंत अगदी किंचित उताराचं भुयार, आणि ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि माती उपसण्यासाठी उभ्या विहिरी. ना पंप, ना मोट. पाणी आपल्याच वजनाने चालत येतं. या व्यवस्थेला कनात म्हणतात. झार्चची कनात ७० किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावर २,००० पेक्षा जास्त विहिरी आहेत.

आपल्याकडे याचं नातं शोधायला लांब जायला नको. १६१७च्या सुमाराला मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भुयारी नहरीने पाणी आणलं ते याच जातीच्या तंत्राने. पुढे त्या शहरात अशा आणखी नहरी निघाल्या. पाणचक्की फिरते तीही नहरीच्याच पाण्यावर.

कनात खणणारा तो मोकन्नी. यझ्दचे मोकन्नी इराणभर नावाजलेले. गुडघ्यावर बसून, आखूड दांड्याच्या कुदळीने तो उताराच्या तोंडाकडून डोंगराकडे खणत जायचा. मागे दोन दिवे लावून ठेवायचा. वळून पाहिल्यावर दोन्ही ज्योती एका रेषेत दिसल्या, तर भुयार सरळ. माती भुसभुशीत लागली तर भाजलेल्या मातीची लंबगोल कडी आत बसवून पुढे सरकायचं. अंगावर पांढरे कपडे. अंधारात ते चटकन दिसतात, आणि भुयार अंगावर आलंच तर तेच कफन, असंही तिथे सांगतात.

पाणी गावात आलं की मोजणी सुरू. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर बुडाला बारीक भोक पाडलेला तांब्याचा कटोरा सोडायचा. तो भरून बुडाला की एक वाटा संपला. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं, अगदी तसाच. किती कटोरे कुणाचे, याचे हक्क वारशाने जात, विकले जात, मशिदीला किंवा मदरशाला वक्फ करून दिले जात. हिशेब सांभाळणारा तो मीराब. त्याच्या शब्दाला मोल होतं, कारण त्याची चूक म्हणजे कुणाच्या तरी शेताचं मरण.

जामा मशिदीची कमान आकाशाला भिडलेली. चौदाव्या शतकात आजचं रूप घेतलेल्या या मशिदीचे मिनार सुमारे ५० मीटर उंच आहेत आणि यझ्दची ओळख म्हणून तेच छापले जातात. पण तिच्या आवारातच खाली उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या झार्चच्या कनातीच्या पाण्यापर्यंत जातात. नमाजाआधी हातपाय धुवायला लोक तिथे उतरत. अशा उतरत्या जिन्याला पायाब म्हणतात, आणि मोठ्या घरांतही तो असे. वर मिनार चढवणारा कारागीर आणि खाली भुयार खणणारा मोकन्नी, या दोघांच्या कामावर मिळून ही मशीद उभी आहे. नाव मात्र वरच्याच कामाचं झालं.

सार्वजनिक पाण्यासाठी आबअंबार. जमिनीत गोल टाकं, वर घुमट, कडेला दोन, चार, कुठे सहा बादगीर. टाक्याला आतून चुना, माती, राख आणि बकरीचे केस कालवून केलेला लेप, तो पाणी झिरपू देत नाही. हिवाळ्यात टाकं भरून घ्यायचं. उन्हाळाभर वरचे बादगीर आतली हवा हलती ठेवतात आणि पाणी गार राहतं. लोक अंधाऱ्या, लांब जिन्याने तळाशी उतरून तोटीवर घागर भरत. शहरातले व्यापारी पुण्यकर्म म्हणून ही टाकी बांधून देत.

अमीर चखमाकच्या चौकाजवळच्या अशाच एका जुन्या टाक्यात आता झुरखाना भरतो. झुरखाना म्हणजे इराणी तालीम. मधे आठकोनी खोलगट आखाडा, त्यात उघड्या अंगाने जोर काढणारी, जड लाकडी मुदगल फिरवणारी पोरं आणि म्हातारे, वर ओट्यावर बसून ढोल वाजवत कविता म्हणणारा मुर्शिद. कोल्हापुरातून आलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पाणी गेलं तरी या टाक्याला नवं काम मिळालं आणि डोक्यावरचे पाच बादगीर घामाघूम पहिलवानांना वारा घालत राहिले.

परवानगीचा प्रश्न

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे. माल्कमच्या नोंदींत जरथोस्ती घरांवरच्या बंधनांची यादीच आहे. मुसलमान माणसाने हात उंच केला तर टोकाला लागेल, इतकीच भिंत उंच. माडी नाही. दोन झडपांचं दार नाही. खोलीला तीन किंवा जास्त खिडक्या नाहीत. बादगीर नाही. १८९५ पर्यंत छत्री बाळगायलाही मनाई. मुभा एकच: रस्त्याच्या पातळीखाली हवं तेवढं खणा. ज्यूंच्या घरांनाही उंचीची हीच अट होती. आज यझ्दच्या जुन्या जरथोस्ती वस्तीत बसकी घरं दिसतात, ती कुणाच्या आवडीने तशी झालेली नाहीत.

मेरी बॉइस ही इंग्रज विदुषी १९६३-६४ मध्ये अर्दकानजवळच्या शरीफाबाद या जरथोस्ती गावात राहिली. या समाजाच्या घरांवर तिने बारकाईने लिहिलं. लहान अंगण, त्याभोवती दोन किंवा चार ओसऱ्या, त्यांना पेसगम म्हणतात. त्यातली मोठी धर्मकृत्यांसाठी राखलेली. बाहेरून गरीब, बुटकं घर, आणि देवाची जागा सर्वांत आत.

या घरांच्या गोष्टीत मुंबई येते ती १८५४ मध्ये. इराणमधल्या धर्मबांधवांची दैना ऐकून मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं. त्यांनी शाळा काढल्या, अग्यारींची डागडुजी केली, यझ्दजवळच्या टेकडीवर नवा दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवायचा मनोरा, बांधवला आणि जरथोस्तींवरचा जिझिया उठवण्यासाठी तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षं खेटे घातले. १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहने तो कर रद्द केला. मधल्या काळात, १८७०-७२च्या भीषण दुष्काळात आणि पुढेही, यझ्द आणि केरमानकडची माणसं मुंबईची वाट धरत होती. मुंबई-पुण्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर बनमस्का आणि पानी कम चहा ज्यांनी आणला, त्या इराण्यांचे आजे-पणजे पुष्कळसे याच भागातले.

माणसं इकडे आली, पैसा तिकडे गेला. यझ्दचं आतश बेहराम, म्हणजे मोठं अग्निमंदिर, १९३४ साली भारतातल्या पारशांच्या मदतीने उभं राहिलं, आणि घडणही इथल्या अग्यारींच्या धर्तीवर. समोर गोल हौद, खांबांची ओसरी, माथ्यावर पंख पसरलेली फरोहर. आतला अग्नी इसवी सन ४७० पासून जपत, गावोगाव हलवत आणल्याचं सांगतात. मुंबईच्या आतश बेहराममध्ये परधर्मीयाला पाऊल टाकता येत नाही. यझ्दमध्ये मात्र काचेपलीकडून कुणालाही अग्नी पाहता येतो. ज्या समाजाला भिंत वाढवायची मुभा नव्हती, त्याची ही ऐसपैस वास्तू शहराच्या रस्त्यावर दिमाखात उभी आहे. तिला लागलेल्या पैशात भारतातल्या पारशांचा वाटा आहे.

आता

आज यझ्दच्या घरांच्या छपरांवर कूलर आहेत. बादगीर बांधायला परवानगी मागावी लागत नाही, कारण कुणी बांधतच नाही. १९३०च्या दशकात जुन्या वस्त्यांतून सरळ, रुंद रस्ते कापले गेले, मोटार आली आणि ऐपतदार कुटुंबं नव्या भागात गेली. मागे उरलेल्या घरांत आधी गरीब भाडेकरू आले, त्यांत अफगाण स्थलांतरितही बरेच, आणि नंतर काही वाड्यांची हॉटेलं झाली. हॉटेल झालेल्या वाड्याला निदान काहगिलाचा हात वेळेवर लागतो. पर्यटकांचा ओघ आटला की तोही थांबतो, आणि गेल्या काही वर्षांत इराणात तो वारंवार आटला आहे.

पाण्याचं त्याहून बिकट. १९६०च्या दशकातल्या जमीन सुधारणांनी जुने मालक गेले आणि कनातींच्या देखभालीचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. त्याच सुमाराला पंप आणि खोल विहिरी आल्या. कनात फक्त तेवढंच पाणी देते जेवढं डोंगर मुरवतो, त्याहून जास्त ओढता येत नाही. खोल विहिरीला ही मर्यादा नाही. एकाने खोल खणलं की शेजारच्या कनातीची पातळी उतरते आणि शेकडो वर्षांचं भुयार कोरडं पडतं. इराणात आजही सुमारे ३७,००० कनाती वाहत्या आहेत असं मानतात. यझ्दमध्ये २००५ पासून युनेस्कोच्या आश्रयाने कनातींच्या अभ्यासाचं आंतरराष्ट्रीय केंद्र चालतं आणि एका जुन्या सुंदर वाड्यात पाण्याचं संग्रहालय आहे. पण शहर जगतं ते दुसऱ्याच पाण्यावर. गेली पंचवीसेक वर्षं ते पाणी इस्फहानच्या झायंदेरूद नदीच्या खोऱ्यातून, नळाने येतं. यझ्दचे पोलादाचे आणि फरशांचे कारखानेही मोठे तहानलेले.

इस्फहानच्या पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी ही नळवाहिनी २०१३ मध्ये फोडली आणि २०२१ मध्ये पुन्हा फोडली. नदी आटण्याची कारणं अनेक आहेत, दुष्काळ, धरणं, वरच्या अंगाची शेती. पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळू असते आणि इस्फहानचा तेहतीस कमानींचा पूल, १६०० सालच्या आसपासचा, खाली पाणी नसताना उभा असतो. पुलाच्या कमानी शाबूत आहेत, त्यांचा अर्थ मात्र नदीबरोबर वाहून गेला. एका वारसास्थळाची तहान भागवताना दुसऱ्या वारशाचा घसा कोरडा पडतो आहे.

वारसा जपायचा म्हणजे भिंत जपायची, ही आपल्याकडचीही सोयीची समजूत. भिंतीची यादी करता येते, तिला क्रमांक देता येतो, तिकीट लावता येतं. पाण्याच्या वाट्याची यादी करायला गेलं की भांडण निघतं. संभाजीनगरात शहराचे जुने दरवाजे रंगवले जातात, आणि शहराचं पाणी जायकवाडीहून नळाने येतं. नहरींच्या वाटेवर कुणी काय बांधलं याची चौकशी होत नाही. यझ्दने एक गोष्ट मात्र कटोऱ्याने मोजून दाखवली आहे. डोंगराने दिलं त्याहून जास्त घ्यायचं नाही आणि जेवढं आहे त्यात प्रत्येकाचा वाटा सर्वांसमक्ष ठरवायचा. ते वाटे नेहमी न्याय्य नव्हते. वाऱ्याचा वाटा तर उघडउघड अन्यायाचा होता, हे त्या जरथोस्ती व्यापाऱ्याच्या नजराण्यावरून दिसतंच. पण वाटा डोळ्यांसमोर ठरत होता, म्हणून त्याविरुद्ध भांडता येत होतं. माणेकजी भांडले आणि जिंकलेही. जमिनीखाली शेकडो मीटर गेलेल्या पंपाशी कुणी आणि कुठल्या दरबारात भांडायचं, याचं उत्तर यझ्दला अजून सापडलेलं नाही, आणि मराठवाड्यालाही नाही.